तीन दशांश

"चौदा चार," तात्या म्हणाले आणि मी वहीत छबू कोकरेच्या नावापुढे १४.४ असे लिहिले.

वही मांडीवर होती. वहीखाली डाव्या मनगटावर माझे घड्याळ होते आणि त्यात थांबलेले आकडे १४.११ असे होते.

मी स्वेटरची बाही घड्याळावर ओढून घेतली. तात्यांनी गळ्यातल्या स्टॉपवॉचचा काटा शून्यावर आणला आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, हातपंपाकडे बघून हात वर केला. तिथे शाळेचे शिपाई सर्जेराव मामांनी पुढच्या चार मुली रेषेवर घेतल्या. छबू माझ्याजवळ येऊन गुडघ्यांवर हात टेकून वाकली. श्वास घेताना तिच्या तोंडातून वाफ निघत होती.

"किती, हेमाताई?"

"चौदा चार."

"परत चार." ती ओठावरचा घाम पुसत हसली. "ह्या चाराला माझ्याशिवाय करमत न्हाय."

हे १९९४ सालच्या डिसेंबरातले. मी नववीत होते, छबू आठवीत. गाव माणदेशातले, पावसाने कायम विसरलेले. शाळेला झाडे कमी आणि मैदान मात्र भरपूर. माझे वडील, म्हणजे तात्या, त्या शाळेत क्रीडाशिक्षक होते; मुलांचे वीरकर सर. बरीच वर्षे त्यांचा पी.टी.चा तास गणिताने किंवा इंग्रजीने खाल्ला होता. वर्षातून एकदा तालुक्याच्या स्पर्धा आल्या, की बारा मुले निवडायची, महिनाभर पळवायची आणि एखादी ढाल घेऊन परत यायचे. बाकीची शाळा कुंपणाच्या भिंतीवर बसून टाळ्या वाजवायची. "शाळेत आठशे पाय आहेत आणि पळतात चोवीस," तात्या जेवताना म्हणायचे. आई म्हणायची, तुम्ही पाय मोजा, मी भाकऱ्या मोजते.

त्या वर्षी जूनमध्ये त्यांनी संस्थेकडून एक वर्षाची परवानगी मिळवली. प्रार्थनेआधी चाळीस मिनिटे पाचवी ते दहावी सगळ्यांनी मैदानावर. पळायचे, उड्या मारायच्या, चिंध्या भरलेला ट्यूबचा गोळा फेकायचा, बांबूच्या अडथळ्यांवरून जायचे. कुणाला कुणाशी स्पर्धा नाही. दर शनिवारी प्रत्येकाने आपल्याच मागच्या आकड्याशी भांडायचे. अट एकच होती. मार्चमध्ये संस्था हजेरी बघणार. निम्मी शाळा मैदानावर येत असेल तर हे कायमचे, नाहीतर ती चाळीस मिनिटे दहावीच्या जादा तासाला.

जुलैत साठ मुले येत होती. दिवाळीनंतर दोनशे तीस. यातली चाळीसएक एकटी छबू घेऊन यायची. ती धनगरवस्तीवरून तीन किलोमीटर पळत यायची आणि वाटेतल्या प्रत्येक घरासमोर थांबून नावाने हाका मारायची. जो उठणार नाही त्याच्या आईला चार गोष्टी सुनवायची. आईबाप हसायचे आणि पोराला बाहेर ढकलायचे.

मी पळत नसे. घोट्याला मागे कधीतरी मुरड बसली होती, तिचे निमित्त मी तीन वर्षे पुरवले. तात्यांनी ओढाताण केली नाही. माझे अक्षर चांगले म्हणून मला झेंड्याच्या चौथऱ्यावर बसवले आणि हातात वही दिली. ते वेळ सांगायचे, मी लिहायची.

घड्याळ माझ्या सख्ख्या मामाने मुंबईहून आणलेले होते, शतांश दाखवणारे. सुरुवातीला मी ते गंमत म्हणून लावू लागले. मान खाली घालून मुलींची नावे लिहीत असायची, फळ्यांचा आवाज आला की बटण दाबायची आणि मुली जवळ आल्या की वर बघून पुन्हा दाबायची. फळ्या म्हणजे बिजागरीने जोडलेल्या दोन लाकडी पट्ट्या. सर्जेराव मामा त्या डोक्यावर धरून एकमेकींवर आपटायचे आणि त्या आवाजाला मुले सुटायची.

पहिल्या शनिवारी मला वाटले, घड्याळ मंद आहे. तात्यांचा आकडा प्रत्येक वेळी माझ्यापेक्षा मोठा येत होता, तीन दशांशांनी.

दुसऱ्या शनिवारी दोनशे मीटरची फेरी होती. मैदानावर चुन्याच्या फक्कीने आखलेला जो गोल होता तो बरोबर दोनशेचा, सुरुवात आणि शेवट एकाच ठिकाणी, झेंड्याजवळ. सर्जेराव मामा आमच्या शेजारी उभे राहून फळ्या वाजवत होते. तात्या म्हणाले, तेहतीस दोन. माझ्या घड्याळात ३३.१८. पुढची, चौतीस सहा. माझ्याकडे ३४.५९. सगळ्या फेऱ्या जुळल्या.

म्हणजे घड्याळ ठीक होते.

तिसऱ्या शनिवारी पुन्हा शंभर मीटर, आणि पुन्हा तीन दशांश.

मी त्या वर्षी गावच्या वाचनालयातल्या सगळ्या रहस्यकथा वाचून संपवल्या होत्या आणि मला माझ्या डोक्याबद्दल फार चांगले मत होते. मी विचार केला: फेरीत जो माणूस अचूक वेळ घेतो, तो शंभरात चुकणार नाही. चुकत नसेल तर मुद्दाम करतो. आणि मुद्दाम शंभरातच का? कारण फेरीचा आकडा फक्त आमच्या वहीत राहतो. शंभरचा आकडा बाहेर जातो.

तो कुठे जातो तेही मला ठाऊक होते. जिल्ह्याच्या गावी मुलींचे क्रीडा वसतिगृह नव्याने सुरू झाले होते. राहणे, जेवण, शाळा, बूट सगळे तिथेच. चौदा वर्षांखालच्या मुलीला शंभर मीटर चौदा दोनमध्ये किंवा त्याहून कमी वेळात यायला हवे. मग चाचणीला बोलावणार. छबूच्या वडिलांनी तिचे लग्न आणखी दोन वर्षांनी उरकायचे ठरवले होते; हे वस्तीवर सगळ्यांना माहीत होते आणि कुणाला त्यात विशेष वाटत नव्हते. छबूलाही नाही, निदान ती तसे दाखवायची. पण तिने मला दोनदा विचारले होते, की त्या वसतिगृहात रात्री दिवा किती वाजता मालवतात. जिला जायचे नसते ती असले विचारत नाही.

तात्या तिला का अडवतील, एवढेच मला कळत नव्हते. तेही लवकरच कळले.

वही ठेवायला मी मुख्याध्यापकांच्या खोलीकडे गेले होते. दार लोटलेले होते. आत देशमाने सर आणि तात्या बोलत होते. देशमाने सर म्हणत होते, की यंदा आपली एखादी मुलगी वसतिगृहात गेली तर संस्थेला दाखवायला बरे पडेल.

"एक गेली, तर दाखवायला एक," तात्या म्हणाले. "छबू गेली, की वस्तीवरची चाळीस पोरं दुसऱ्या दिवशी घरी बसतील. मार्चात मी काय दाखवू?"

"मग?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मी वही तशीच घेऊन वर्गात परतले.

त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे परक्या माणसाकडे बघावे तशी बघू लागले. ते संध्याकाळी वही मागून घ्यायचे आणि छबूचे पान उघडून बसायचे. त्या पानावर काही लिहायचे नाहीत, नुसते बघायचे. एकदा आईने विचारले, एवढे काय आहे त्यात? ते म्हणाले, काही नाही, आणि वही मिटली. त्यांनी काहीही केले तरी माझ्या हिशेबात बसत होते. त्यांनी छबूला बूट आणून दिले, तर मला वाटले, मन खाते आहे. बूट नवे नव्हते, कुणाचे तरी वापरलेले होते, तर वाटले, बघा, तेही जुने.

मी त्यांना विचारले नाही. विचारले तर ते उत्तर देणार, आणि मग पुराव्याची गरज राहणार नाही. आणि मला पुरावे गोळा करायची गोडी लागली होती. हे आज लिहिता येते.

जानेवारीच्या पहिल्या शनिवारी त्यांनी छबूला तीनदा पळवले. सगळी शाळा संपल्यावर तिला एकटीला थांबवले. गणिताचे जगदाळे सर वर्गाकडे निघाले होते, त्यांना हाक मारून बोलावले, त्यांच्या हातात शाळेचे दुसरे स्टॉपवॉच दिले आणि त्यांना थोडे बाजूला नेऊन हळू आवाजात काहीतरी सांगितले. जगदाळे सरांनी मान हलवली. मी चौथऱ्यावरून हे सगळे पाहिले. एक शब्दही ऐकू आला नाही, पण मला ऐकायची गरज वाटली नाही.

पहिल्यांदा छबू आली. तात्या, चौदा चार. जगदाळे सर, चौदा चार. माझ्याकडे १४.१२.

दहा मिनिटांनी पुन्हा. तात्या, चौदा चार. जगदाळे सर, चौदा पाच. माझ्याकडे १४.१५.

तिसऱ्या वेळेला छबू रेषेवर जाताना म्हणाली, सर, आता पाय माझं ऐकत न्हाईत. तात्या म्हणाले, शेवटचं. जगदाळे सर घड्याळाकडे बघून पुटपुटले, की वीरकर, पोरीला मारता का आज. तिसऱ्यांदा ती धापा टाकत आली. चौदा चार, दोघांचेही. माझ्याकडे १४.०९.

तात्यांनी स्टॉपवॉच गळ्यातून काढले आणि खिशात टाकले. त्यांचा चेहरा उतरला होता. अभिनय बरा करतात, असे मला वाटले.

त्यांना हवा होता तो आकडा मिळेपर्यंत त्यांनी तिला दमवले, दुसऱ्या माणसाला सामील करून घेतले आणि वर साक्षीदार म्हणूनही ठेवले. माझी खात्री झाली.

वसतिगृहाचा फॉर्म सोमवारी जायचा होता. शाळेचे सगळे फॉर्म मीच भरायची. तात्यांचे अक्षर त्यांनाही वाचता येत नसे. रविवारी सकाळी त्यांनी कच्चा कागद माझ्यापुढे ठेवला. आठ मुलींची नावे, जन्मतारखा, वेळा. "पक्कं करून ठेव," म्हणाले आणि मैदानावर फक्की मारायला गेले.

मी आठ नावे सुवाच्य अक्षरात उतरवली. सात वेळा जशा होत्या तशा लिहिल्या. छबूच्या पुढे लिहिले १४.१.

मला स्वतःचा अभिमान वाटला. चौदा शून्य लिहिणे मला सहज जमले असते, माझ्याकडे १४.०९ होतेच. पण मी न्यायाने वागत होते. मी फक्त खरे ते लिहिले, असे मला वाटत होते.

तात्या दुपारी आले. हातांना फक्की लागलेली होती, म्हणून कागदाला हात न लावता त्यांनी मलाच तो धरायला सांगितला आणि खाली सही केली. वाचले नाही. माझ्या हातचे लिहिलेले ते कधीच वाचून बघत नसत.

अठरा दिवसांनी पत्र आले. छबूला चाचणीसाठी बोलावले होते.

मी मुद्दाम तात्यांच्या समोर बसून त्यांचा चेहरा पाहिला. त्यांनी पत्र दोनदा वाचले. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "चारवर बोलावलंय. मर्यादा वाढवली असेल." "बरं झालं," म्हणाले आणि आईला चहा टाकायला सांगितला. त्यांना आनंद झालेला दिसत होता, आणि तो मला पटत नव्हता. माझ्या रहस्यकथेत त्या आनंदाला कुठे जागा नव्हती.

छबूला मी सांगितले, की तुझी वेळ खरे तर चौदा एक आहे. मी मोजली आहे. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की मी काय केले हे तिला सांगून टाकावे असे मला वाटले. सांगितले नाही. "चौदा एक," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. वस्तीपर्यंत म्हणत गेली असेल.

तात्या तिला आणि तिच्या वडिलांना घेऊन पहाटेच्या एस.टी.ने गेले. दुपारी चारला परत आले. तात्यांनी मोरीवर पाय धुतले, आईने वाढलेले जेवले, हात धुतला. नंतर मला म्हणाले, "तुझं घड्याळ घे आणि चल."

मैदान रिकामे होते. सर्जेराव मामा वर्गांना कुलपे लावत होते, त्यांना त्यांनी फळ्या घेऊन हातपंपाजवळ उभे राहायला सांगितले. मी अजून लढायच्या तयारीत होते. माझ्याकडे तीन शनिवारांचे आकडे पाठ होते.

"बस," तात्या चौथऱ्याकडे बोट करून म्हणाले. "वही मांडीवर घे. मान खाली. रोज बसतेस तशी."

मी बसले.

"फळ्या वाजल्या की बटण दाब."

फट् असा आवाज आला आणि मी दाबले.

"आता मान वर कर. मामांच्या हातांकडे बघ. वाजायची वाट बघू नको. नुसतं बघ."

शंभर मीटर दूर, हातपंपाजवळ, सर्जेराव मामा दिसत होते. त्यांनी फळ्या डोक्यावर नेल्या, उघडल्या. उन्हात आतला पांढरा रंग दिसला. मग तो दिसेनासा झाला. फळ्या मिटल्या होत्या आणि काहीच ऐकू आले नव्हते.

आणि मग आवाज आला.

तात्यांनी हात वर केला. मामांनी पुन्हा फळ्या उघडल्या. मिटल्या. शांतता. फट्. पुन्हा. मिटल्या. शांतता. फट्. सातआठ वेळा झाले. त्या मधल्या शांततेत काय काय मावते, ते मला तिथे बसल्याबसल्या दिसायला लागले. तीन शनिवार त्यात मावले. फेरीचे जुळलेले आकडे मावले. फेरीत मामा शेजारी उभे असतात. जगदाळे सरांना बाजूला नेऊन काय सांगितले असेल, तेही मावले.

"शंभर मीटर यायला आवाजाला वेळ लागतो," तात्या म्हणाले. "पाव सेकंदापेक्षा थोडा जास्त. मुली तिथे सुटलेल्या असतात आणि आपल्याला इथे ऐकू आलेलं नसतं. म्हणून वेळ घेणाऱ्यानं ऐकायचं नाही. बघायचं." शाळेतल्या कुठल्याही मुलीला सांगावे त्या आवाजात ते हे सांगत होते.

मी विचारले, तिथे काय झाले.

त्यांनी थोडक्यात सांगितले. छबू दोनदा पळाली. चौदा चार, चौदा पाच. तिथल्या माणसाने फॉर्म पुढे ठेवला आणि सगळ्यांसमोर विचारले, ही वेळ कुणी लिहिली. तात्या म्हणाले, सही माझी आहे. छबूचे वडील शेजारीच उभे होते. यंदाच्या जिल्हा स्पर्धांना वीरकरांना वेळ घ्यायला बोलावू नये, असे तिथेच ठरले. बावीस वर्षे ते तिथे वेळ घ्यायला जात होते.

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"काय?"

मी स्वेटरची बाही पुन्हा घड्याळावर ओढून घेतली.

ते चौथऱ्यावर माझ्याशेजारी बसले. दूर मामा फळ्या धरून उभेच होते. त्यांना कुणी जा म्हटले नव्हते.

"तुला काय वाटलं, मी तिला अडवत होतो?"

मी मान हलवली. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर ऐकलेले सांगितले.

"खरं आहे ते," तात्या म्हणाले. "ती जाऊ नये असं मला वाटत होतं. आत्तासुद्धा वाटतं. ती गेली की मैदान बसणार. आणि ते मनात असताना हातात घड्याळ. आपला अंगठा आपल्याला नकळत उशीर करतोय की काय, कोण सांगणार? म्हणून तिला तीनदा पळवली. म्हणून जगदाळेंना घेतलं." त्यांनी खिशातून स्टॉपवॉच काढून उगीच पाहिले. "त्यांचाही आकडा चारच आला, तेव्हा मला वाईटही वाटलं आणि बरंही वाटलं. दोन्ही खरं."

मग ते म्हणाले, "विचारायचं होतंस."

एवढेच. याहून अधिक ते त्या विषयावर कधी बोलले नाहीत, पुढे तीस वर्षांत.

छबू दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. वस्तीवरची चाळीस मुले पहिल्या दिवशी निम्मी झाली आणि आठवड्याच्या शेवटी तीन उरली. मग गावातलीही गळू लागली. शनिवारी मी हजेरी मोजली, एकशे सत्तर. निम्म्या शाळेला दोनशे लागत होती आणि मार्च जवळ आला होता.

आई म्हणाली, तुम्ही जाऊन तिला घेऊन या. तात्या म्हणाले, मी गेलो तर सर आले म्हणून येईल. त्यात काही अर्थ नाही. आणि माझ्याकडे बघितले नाही. बघितले असते तर मी कदाचित गेले नसते.

रविवारी मी वस्तीवर चालत गेले. तीन किलोमीटर, दुखरा म्हणून मिरवलेल्या घोट्याने. छबू कोकरांसाठी बाभळीचा पाला तोडत होती. मला बघून ती कोयता खाली ठेवून उभी राहिली, पण जवळ आली नाही. मी एका दमात सगळे सांगितले. घड्याळ, फळ्या, फॉर्म. आकडा मी लिहिला, सरांनी नाही. तुझी वेळ चौदा एक कधीच नव्हती.

तिने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "म्हंजे मी चौदा चारचीच हाय?"

"हो."

"पयल्यापासनं?"

"हो. चुकलं माझं, छबू."

ती दुसरेच काहीतरी जुळवत होती. "म्हंजे तिथं मी कमी न्हाय पळाले?"

मला समजले नाही.

"आठ दिस झालं," छबू म्हणाली, "मी ह्याच इचारात हाय. गावात चौदा एक आन् तिथं चौदा चार. वाटलं, मोठं मैदान बघून पाय भ्याले. आबा म्हनला, भ्याली असशील, पोरीची जात. मलाबी तसंच वाटलं." तिने वाकून कोयता उचलला आणि झाडाच्या बुंध्यात रुतवून ठेवला. "तर म्या तिथंबी तेवढीच पळाले."

"तेवढीच."

"अनवळखी मैदानात. आन् एस.टी.त उलटी झाली व्हती."

"हो."

ती हसली. मला वाटते, त्या आठ दिवसांतले ते पहिले असावे. मग म्हणाली, "हेमाताई, तू लई शिकलीस. पर एकडाव इचारलं असतंस तर तुझं काय गेलं असतं गं?"

सोमवारी सकाळी सात वाजता मी चौथऱ्यावर वही घेऊन बसले होते आणि वस्तीच्या रस्त्याने धूळ येताना दिसली. पुढे छबू होती. मागे किती ते मी मोजले, सदतीस. तात्या मैदानाच्या मध्यावर उभे होते. त्यांनी पाहिले, आणि पाहिले नाही असे दाखवून बांबूचे अडथळे सरळ करत राहिले.

मार्चात हजेरी दोनशे चौदा भरली. पुढच्या हिवाळ्यात वरच्या गटाला मर्यादा चौदाची होती, छबू तेरा नऊमध्ये आली. ती वेळ मी घेतली, मान वर करून; तात्यांनी घड्याळ हातात घ्यायला नकार दिला आणि हातपंपाशी जाऊन स्वतः फळ्या वाजवल्या. त्या वर्षीचा फॉर्म त्यांनी स्वतः लिहिला, त्यांच्या भयंकर अक्षरात. एक आकडा नीट लागेना म्हणून तो परत आला, मग मी तो पुन्हा लिहिला. या खेपेला त्यांनी सहीआधी वाचला. मला लागले. लागायलाच हवे होते.

वसतिगृहात शिकून छबू आता त्याच शाळेत क्रीडाशिक्षक आहे. सकाळचे मैदान अजून चालते.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी मी पुण्यात, प्रकाशकाच्या कचेरीत, मान खाली घालून एका प्रवासवर्णनाची प्रुफे तपासत होते. सकाळी उठून चहा केला होता. रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून वाद घातला होता. शेजारच्या टेबलावरच्या बाईने सांगितलेल्या कसल्याशा गोष्टीवर मोठ्याने हसले होते. फोन वाजला तेव्हा दहाला वीस मिनिटे कमी होती.

"हेमाताई," छबू म्हणाली, "सर गेले."

मी विचारले, कधी.

"सात वाजून दहा मिनिटांनी."

मला सकाळचा चहा आठवला, रिक्षा आठवली, ते हसू आठवले. सगळे सात दहानंतरचे होते.

"नक्की?" मी विचारले. का विचारले, ते माझे मला माहीत नाही.

"मी बघत होते, ताई," ती म्हणाली. "मान वर करून बघत होते."